सांधेबदलानंतर जखम ओली झाली तर: आधी नमुना, मग गोळी

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरच्या शेवटी झालं. नवव्या दिवशी सकाळी ड्रेसिंगच्या खालच्या कोपऱ्यात एक ओला डाग दिसला. जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा, पिवळसर, कडेला किंचित तांबूस. आई म्हणाली, "अगं, एवढं काय त्यात? रात्री कुशीवर झोपले होते ना." संक्रांत तोंडावर आली होती, हळदीकुंकवाला ठाण्याच्या नौपाड्यातल्या तिच्या मैत्रिणी यायच्या होत्या, आणि पुन्हा हॉस्पिटलचं तोंड बघायची तिची अजिबात तयारी नव्हती. जवळच्या ओळखीच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी डाग सुकला. सगळ्यांना हायसं वाटलं.

मी ठाण्यातल्याच एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी विभागात सतरा वर्षं काम करते. जंतू वाढवणं, ओळखणं आणि कोणत्या औषधाने तो मरतो ते बघणं हे माझं रोजचं काम. तरीही त्या दिवशी मी म्हटलं नाही की थांबा, आधी सर्जनना दाखवू. फेब्रुवारीत गुडघा पुन्हा गरम झाला, वाकायचा कमी झाला, रात्री ठणका लागायला लागला. पुन्हा गोळ्या आल्या, यावेळी "जास्त पॉवरच्या". अखेर सर्जनकडे गेलो. त्यांनी सांध्यातलं पाणी काढलं. त्यात पांढऱ्या पेशी चौदा हजार, म्हणजे आत इन्फेक्शन असल्यात जमा. कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून बघायची चाचणी, मात्र कोरं. जंतू मेला नव्हता, गोळ्यांनी नुसता दबला होता, आणि दबलेला जंतू आमच्या प्लेटवर उगवत नाही. कोणता जंतू आहे हे माहीत नसताना औषध कोणतं द्यायचं?

पुढची सगळी लढाई त्या एका प्रश्नामुळे लांबली. म्हणून हा लेख. गुडघा किंवा खुबा बदलून घेणाऱ्यांच्या घरच्यांनी ऑपरेशनच्या आधीपासून पुढच्या काही वर्षांपर्यंत काय करायचं, ते मी लॅबच्या बाजूने आणि मुलीच्या बाजूने लिहिते आहे. यात डॉक्टरांची जागा घ्यायचा प्रयत्न नाही. डॉक्टरांना वेळेवर योग्य गोष्ट हातात मिळावी, एवढ्यासाठी आहे.

धातूवर जंतू बसतो म्हणजे काय होतं

पहिल्यांदा केलेल्या सांधेबदलात इन्फेक्शन होण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक ते दोन आहे. म्हणजे बहुतेकांना काहीच होत नाही, आणि ज्यांना होतं त्यांचं वर्ष त्यात जातं.

सोसायटीच्या पाण्याची टाकी आतून कधी बघितली असेल तर भिंतीला बसलेला बुळबुळीत थर आठवेल. पाण्यात औषध टाकलं की तरंगणारे जंतू मरतात, पण तो थर तसाच राहतो. टाकी रिकामी करून ब्रशने घासावी लागते. कृत्रिम सांध्याच्या धातूवर आणि प्लास्टिकवर जंतू असाच थर करून बसतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरात औषध नीट पोचत नाही, आतले जंतू अर्धवट झोपलेले असतात, आणि वाढणाऱ्या जंतूला मारणारी बरीचशी अँटिबायोटिक्स झोपलेल्या जंतूचं काही बिघडवू शकत नाहीत. शिवाय धातूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे शरीराच्या पांढऱ्या पेशींनाही तिथे लढणं अवघड जातं.

यात जंतू आधीच औषधाला दाद न देणारा असेल तर अडचण दुप्पट. त्वचेवर आणि नाकात राहणारे स्टॅफिलोकॉकस गटातले जंतू यात सर्वांत जास्त दिसतात. त्यातले मेथिसिलीनला (पेनिसिलीनच्याच घराण्यातलं औषध) न जुमानणारे म्हणजे एमआरएसए आणि त्याचे भाऊबंद. आपल्याकडे ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास हे आतड्यातले किंवा ओलसर जागचे जंतूही बऱ्याच वेळा सापडतात, आणि त्यातले काही तर शेवटच्या फळीतल्या औषधांनाही पुरून उरतात.

एक गैरसमज इथेच दूर करते. "माझ्या अंगाला आता अँटिबायोटिक लागत नाही," असं पुष्कळ जण म्हणतात. अंगाला काही झालेलं नसतं. औषध झेलायला शिकतो तो जंतू. तुम्ही कधी फारशा गोळ्या घेतल्या नसतील तरी असा जंतू तुमच्यापर्यंत पोचू शकतो.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

गुडघेदुखी आणीबाणी नसते. वर्षानुवर्षं दुखणारा गुडघा आणखी सहा आठवडे थांबू शकतो, आणि त्या सहा आठवड्यांत बरंच काही सुधारता येतं.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, साडेसात-आठच्या खाली आल्याशिवाय तारीख घेऊ नका. त्याबद्दल सर्जन स्वतःहून बोलले नाहीत तर तुम्ही विषय काढा. बिडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, पायाची जखम, कुरतडलेलं नख, अंगावरचं गळू हे सगळं आधी बरं करून घ्या. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर त्याचे उपचार आधी. मात्र कसलाही त्रास नसताना केवळ लघवीच्या कल्चरमध्ये जंतू दिसले म्हणून कोर्स करायची बहुतेक वेळा गरज नसते. त्याने लघवीतला जंतू तेवढा हुशार होतो.

दुखऱ्या गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते कधी घेतलं हे सर्जनना तारखेसकट सांगा. इंजेक्शन आणि ऑपरेशन यांच्यात तीन महिने तरी जावेत. ठाण्यात हा मुद्दा मी वारंवार निसटताना बघते, कारण इंजेक्शन एकाकडे घेतलेलं असतं आणि ऑपरेशन दुसरीकडे ठरतं. संधिवाताची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर कोणतं किती दिवस थांबवायचं, तेही लिहून घ्या.

नाकातल्या जंतूची तपासणी होते का, हेही विचारा. नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडला तर म्युपिरोसिनचं मलम दिवसातून दोनदा पाच दिवस लावतात आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या द्रावणाने अंघोळ करायला सांगतात. खर्च थोडा, त्रास जवळजवळ नाही.

आदल्या दिवशी घरी ब्लेडने पायावरचे केस काढू नका. ब्लेडने डोळ्यांना न दिसणारे बारीक काप पडतात आणि जंतू नेमके तिथे बसतात. काढायचेच असतील तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने काढतात.

हॉस्पिटलमध्ये

इथे तुमच्या हातात फारसं नाही. तरी दोन गोष्टी माहीत असू द्या. अँटिबायोटिकचा सर्वांत मोलाचा डोस चीर देण्याआधीच्या तासाभरातला. साधारणपणे ते सेफाझोलिन असतं. व्हॅन्कोमायसिन द्यायचं असेल तर ते सावकाश सोडावं लागतं, म्हणून आणखी लवकर सुरू करतात. पेनिसिलीनची ॲलर्जी असल्याचं कुणी कधी सांगितलं असेल तर नेमकं काय झालं होतं तेही सांगा. लहानपणी एकदा पुरळ आलं होतं, एवढ्यावर अनेकांच्या फाईलवर आयुष्यभराची ॲलर्जी लिहिली जाते आणि मग सगळ्यात चांगलं औषध हातचं जातं.

दुसरी गोष्ट डिस्चार्ज कार्डाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: ऑपरेशन संपल्यावर, इन्फेक्शन टाळण्यासाठी म्हणून, अँटिबायोटिक लांबवू नये. तरी पाच-सात दिवसांच्या गोळ्या कार्डावर असतात. स्वतःहून बंद करू नका, पण "डॉक्टर, या गोळ्या नेमक्या कशासाठी आहेत?" असं नक्की विचारा. कधी खरंच कारण असतं, कधी ती निव्वळ सवय असते.

निघण्यापूर्वी आणखी एक काम. इम्प्लांटच्या डब्यावरचे स्टिकर फाईलमध्ये लावलेले आहेत ना, ते बघा. कंपनी, मॉडेल, माप, लॉट नंबर त्यावर असतो. पुढे कधी सांधा उघडायची वेळ आली तर त्यातला प्लास्टिकचा भाग नेमक्या त्याच मापाचा लागतो, आणि तेव्हा हे स्टिकर सोन्याच्या मोलाचे ठरतात.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस

काय चालतं ते आधी सांगते, म्हणजे उगाच धास्ती नको. गुडघा काही महिने शेजारच्या गुडघ्यापेक्षा कोमट लागतो. सूज संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते. मांडीपर्यंत निळे-हिरवे डाग येतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ड्रेसिंगला थोडा गुलाबी ओलावा लागतो.

चालत नाही ते असं. पाचव्या दिवसानंतरही जखम पाझरत राहणं. एकदा सुकलेली जखम पुन्हा ओली होणं, आमच्या आईसारखी. लाली रोज बोटभर पसरत जाणं. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, विशेषतः बसल्या जागी आणि रात्री. कालपर्यंत नव्वद अंश वाकणारा गुडघा आज सत्तरवर अडणं. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या हे बऱ्याचदा सगळ्यांत आधी लक्षात येतं, तेव्हा त्यांचं म्हणणं कानाआड करू नका.

रोज एकाच वेळी, एकाच उजेडात मोबाइलने जखमेचा फोटो काढा. लाली दिसली तर तिच्या कडेने पेनने रेघ मारून तारीख आणि वेळ लिहा. "वाढलीय असं वाटतंय" यापेक्षा "काल रात्री आठला इथे होती, आज सकाळी इथे आहे" हे सर्जनना फोनवरसुद्धा कळतं.

जखमेला हळद, कोरफड, तेल, पावडर यातलं काही लावू नका. मावशी कितीही प्रेमाने सांगोत. भेटायला येणाऱ्यांनी ड्रेसिंग उचलून बघू नये, आणि ड्रेसिंग बदलणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. दिवसातून दोनदा ताप बघून वहीत लिहा.

शंका आली: त्या दिवशी काय करायचं

फोन सर्जनना करायचा. ज्यांनी सांधा बसवला त्यांना, किंवा त्यांच्या युनिटला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही, ओळखीच्या केमिस्टकडे तर नाहीच. आपले फॅमिली डॉक्टर चांगलेच असतात, पण पाझरणारी सांध्याची जखम हा गोळ्यांचा विषयच नाही. आठवडाभर पाझर थांबत नसेल तर जखम पुन्हा उघडून धुवायची का, असा तो निर्णय असतो. गोळीने वरचं सुकतं आणि आतला थर जाड होतो. आमच्या घरी नेमकं तेच झालं.

सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन अशी अनेक अँटिबायोटिक्स १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ मध्ये आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला डॉक्टर, रुग्ण आणि औषधाची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. तरी "दादा, मागच्या वेळचीच स्ट्रिप द्या" म्हटलं की मिळून जाते, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. घरातल्या डब्यात उरलेली लाल रेघेची अर्धी स्ट्रिप असेल तर ती या प्रसंगी हातात घेऊ नका.

सर्जन गावाला गेले असतील तर त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडे जा. तेही शक्य नसेल तर हाडांचे सर्जन आणि मायक्रोबायोलॉजीची लॅब दोन्ही असलेलं मोठं रुग्णालय गाठा. ठाणेकरांना कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे, तिथे मेडिकल कॉलेजही आहे. सायन आणि परळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांनाही मध्य रेल्वेनेच जाता येतं.

याला एक अपवाद आहे, तो पक्का लक्षात ठेवा. थंडी वाजून हुडहुडी भरत असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, धाप लागत असेल, बीपी उतरलं असेल किंवा लघवी फार कमी झाली असेल, तर जंतू रक्तात पसरल्याची शक्यता असते. तेव्हा सरळ इमर्जन्सीत जायचं. तिथे रक्ताचं कल्चर दोन मिनिटांत घेतात आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करतात. अशा वेळी सांध्याच्या नमुन्यासाठी औषध अडवून धरायचं नाही, जीव आधी.

रक्त आणि सांध्यातलं पाणी

आधी रक्तातले सीआरपी आणि ईएसआर होतात. शरीरात कुठे सूज किंवा इन्फेक्शन आहे का, याचा अंदाज देणाऱ्या या तपासण्या. सीआरपी ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो आणि साधारण तीन आठवड्यांत खाली येतो. एकदा उतरून पुन्हा चढलेला सीआरपी हा एकट्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो. म्हणून शक्यतो सगळ्या तपासण्या एकाच लॅबमधून करा. आणि आकड्याच्या पुढचं एकक वाचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. दोन्हींत दहा पटींचा फरक आहे. एका रिपोर्टचा ४ आणि दुसऱ्याचा ४० हा एकच आकडा असू शकतो. यावरून घाबरलेले आणि उगाच निश्चिंत झालेले, दोन्ही प्रकारचे नातेवाईक मी आमच्या काउंटरवर पाहिले आहेत.

खरं उत्तर असतं सांध्यातल्या पाण्यात. सुई घालून ते काढतात, तेव्हा पुढच्या गोष्टी तुम्ही आग्रहाने बघा.

मागचे दोन आठवडे कोणतंही अँटिबायोटिक पोटात गेलं आहे का? दाताचं, सर्दीचं, लघवीचं, कुठलंही. गेलं असेल तर नावानिशी सांगा. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टर दोन आठवडे थांबून नमुना घेतात.

जखमेवर कापूस फिरवून घेतलेला स्वॅब पुरेसा धरू नका. त्यात त्वचेवरचे हौशे-गवशे जंतू येतात आणि आतला चोर वेगळाच असतो. स्वॅबवर विसंबून दिलेलं औषध चुकण्याची शक्यता बरीच असते.

पाणी तीन भागांत जायला हवं: पेशी मोजायला जांभळ्या बुचाच्या नळीत, कल्चरला निर्जंतुक डबीत, आणि काही भाग थेट रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत. बाटलीत घातलं की जंतू सापडण्याची शक्यता वाढते. क्षयाच्या जंतूची तपासणीही त्यातच मागता येते, आपल्याकडे ती विसरू नये.

फॉर्मवर "कृत्रिम सांधा, १४ दिवस ठेवा" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. ही एक ओळ फार महत्त्वाची आहे. साध्या नमुन्याच्या प्लेट दोन-तीन दिवसांत वाढ नाही म्हणून निकालात निघतात. थरात झोपलेले जंतू सावकाश उगवतात.

आणि वेळ. सांध्यातलं पाणी लॅबमध्ये दोन तासांच्या आत पोचावं, फ्रिजमध्ये न ठेवता. शनिवारी संध्याकाळी काढलेला नमुना सोमवारी आमच्या टेबलावर आला की मला रडू येतं. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक, जुलैचा पाऊस आणि सॅम्पल उचलायला येणारा एकच मुलगा, हे सगळं गृहीत धरून शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचीच वेळ घ्या. हॉस्पिटलची लॅब बाहेर असेल तर घरच्या कुणीतरी स्वतः नेऊन देण्याची परवानगी विचारा.

ऑपरेशनला काही महिने झाले असतील तर पाण्यात पेशी मायक्रोलिटरला तीन हजारांच्या वर आणि त्यातल्या न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ऐंशी टक्क्यांच्या वर असणं संशयास्पद धरतात. पहिल्या सहा आठवड्यांत ही रेघ दहा हजारांच्या आसपास असते. सांध्यापासून त्वचेपर्यंत भोक पडून पाणी झिरपत असेल तर इन्फेक्शन आहे हे नक्कीच, मग आकडे काही म्हणोत.

कल्चरचा रिपोर्ट हातात आल्यावर

गोळ्या बंद करून दोन आठवड्यांनी आईचं पाणी पुन्हा काढलं. चार दिवस बाटली शांत होती. पाचव्या दिवशी, बाटलीत जंतू वाढल्याचं सांगणारं मशीन वाजलं. दुसऱ्या दिवशी माझ्या सहकाऱ्याने मला काही न बोलता प्लेट दाखवली. लालभडक आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, राजगिऱ्याच्या दाण्याएवढे पांढरे, गुळगुळीत ठिपके. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. सेफॉक्सिटिन हे औषध लावलेल्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ हवं असतं, तिथे जंतू चकतीला खेटून उगवले होते. म्हणजे मेथिसिलीनला दाद न देणारा. त्याच गटातली सगळी नेहमीची औषधं बाद. जानेवारीत आईने घेतलेली गोळीही त्यातलीच.

रिपोर्टवर प्रत्येक औषधासमोर एस किंवा आर असतं. एस म्हणजे जंतू त्या औषधाने मरेल, आर म्हणजे दाद देणार नाही. काहींसमोर आय असतं, ते डॉक्टरांवर सोडा. शेजारचा एमआयसीचा आकडा म्हणजे जंतूची वाढ रोखायला किती औषध लागलं. पण दोन वेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून "कमी आकडा म्हणजे भारी औषध" असं ठरवू नका, तसं नसतं. यादीतलं एस असलेलं प्रत्येक औषध हाडात पोचतंच असंही नाही. शिवाय ही चाचणी मोकळ्या जंतूवर होते, थरातल्या नाही. म्हणून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरवून नातेवाईक डॉक्टरांची मतं गोळा करण्यापेक्षा जंतुसंसर्गाच्या तज्ज्ञांची एक अपॉइंटमेंट घ्या. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत ते असतात. सर्जन आणि ते एकमेकांशी बोलतील एवढं बघा.

एपिडर्मिडिस एकाच नमुन्यात आला तर तो त्वचेवरून आलेला पाहुणाही असू शकतो. दोन वेगळ्या नमुन्यांत तोच जंतू आला की शंका राहत नाही. म्हणूनच ऑपरेशनच्या वेळी पाच-सहा ठिकाणचे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत, वेगवेगळ्या हत्यारांनी घेतात. आईच्या पाचपैकी चारांत तो आला.

पुन्हा ऑपरेशन

धातूवर थर बसला की नुसतं औषध बहुधा पुरत नाही, हे स्वीकारायला घरच्यांना सगळ्यात जड जातं. किती उशीर झाला आहे, यावर ऑपरेशन कोणतं ते ठरतं.

इन्फेक्शन ऑपरेशननंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतलं असेल, किंवा जुन्या सांध्यात अचानक सुरू होऊन तीन आठवडे झाले नसतील, सांधा घट्ट बसलेला असेल, तर सांधा उघडून, खराब भाग काढून, भरपूर धुऊन, मधला प्लास्टिकचा भाग बदलून धातू तसाच ठेवता येतो. ही खिडकी छोटी असते. दोन कोर्स गोळ्या घेण्यात ती बंद होते.

आमची बंद झाली होती. सर्जन एवढंच म्हणाले, "मॅडम, डाग दिसला त्याच आठवड्यात आलं असतं तर धातू वाचवायचा प्रयत्न केला असता." आईचा सांधा काढला, जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवला. त्यातून औषध थेट सांध्यात झिरपत राहतं. काही आठवड्यांनी, सगळं शांत झाल्यावर, नवा सांधा. काही रुग्णांत हे एकाच ऑपरेशनमध्येही करतात, विशेषतः जंतू आधीच ओळखलेला असेल तर. बघा, इथेही नमुन्याचंच काम.

ठोकळ्याच्या काळात दुसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर म्हणजे तुरुंग. आम्ही आईला माझ्या आत्याकडे ठेवलं, तळमजल्यावर. ही सोय दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा. विम्याची मंजुरी दोन्ही टप्प्यांसाठी वेगवेगळी मागा, आणि बिलावर इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून घ्या. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवून दिल्या, त्यात दुसऱ्यांदा बसवायच्या सांध्याचाही समावेश आहे.

औषधांचे आठवडे

किती दिवस? फ्रान्समधल्या एका अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, सहा आठवडे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांत इन्फेक्शन टिकून राहिलं, बारा आठवडे घेतलेल्यांत सुमारे ९ टक्क्यांत. तेव्हा दोन महिन्यांनी "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडू नका. शिरेतूनच हवं का? २०१९ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात हाडा-सांध्यांच्या इन्फेक्शनच्या पहिल्या सहा आठवड्यांत नीट निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनपेक्षा कमी पडल्या नाहीत. जंतू गोळीला दाद देणारा असला, तरच.

रिफाम्पिसिन हे आपल्याला क्षयाचं म्हणून माहीत असलेलं औषध स्टॅफिलोकॉकसच्या थरावर चांगलं काम करतं. पण एकटं कधीच नाही. एकटं दिलं तर जंतू बघता बघता त्याला शिकतो. लघवी केशरी होते, घाबरू नका. रक्त पातळ करण्याच्या, साखरेच्या आणि बीपीच्या अनेक गोळ्यांचा असर ते कमी करतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधं दूध, कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीच्या पातळ औषधाबरोबर घेतली तर पोटातच अडकतात. सांधेबदलाच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला कॅल्शियमची गोळी असते. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा. टाचेच्या वर दुखलं तर लगेच कळवा.

लिनेझोलिड दोन आठवड्यांच्या वर गेलं तर दर आठवड्याला रक्तपेशींची तपासणी. पायाला मुंग्या किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी फोन. डिप्रेशनच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. व्हॅन्कोमायसिन, अमिकासिन, कोलिस्टिन चालू असेल तर मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी. शिरेत लांब नळी ठेवली असेल तर तो हात सुजला किंवा नळीजवळ लाल झालं तर थांबू नका.

पुढची वर्षं

सांधा शांत झाला तरी जंतू रक्तावाटे त्याच्यापर्यंत कधीही पोचू शकतो. पावसाळ्यात ठाणे स्टेशनबाहेरच्या पाण्यातून रोज चालणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्वचा फाटते, तिथून जंतू शिरून पाय सुजतो आणि ताप येतो. हे सांध्याला धोक्याचं. घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा, चिखल्यांना वेळेवर मलम लावा. मधुमेह असलेल्यांनी तळवे रोज बघावेत. दाताच्या प्रत्येक कामाआधी अँटिबायोटिक घ्यायची सरसकट गरज नाही, अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ मध्ये तसं स्पष्ट केलं. काही आजारांत अपवाद असतो, तो तुमच्या डॉक्टरांना विचारा. रोज नीट दात घासणं जास्त कामाचं.

जुन्या सांध्यात अचानक दुखणं आणि सूज आली तर पुन्हा तेच: आधी सर्जन, आधी नमुना.

आईच्या पर्समध्ये आम्ही एक लॅमिनेट केलेला कागद ठेवला आहे. वर दोन्ही ऑपरेशनच्या तारखा, इम्प्लांटचं नाव आणि लॉट नंबर. खाली जंतूचं नाव, कोणत्या औषधांना तो दाद देत नव्हता त्यांची यादी, आणि तिला कोणतं औषध सोसलं नाही ते. सगळ्यात खाली जाड अक्षरात, मराठीत: "या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे. गुडघा दुखला, सुजला किंवा पाझरला तर अँटिबायोटिक देण्याआधी कृपया पुढील नंबरवर फोन करावा." पहिला नंबर सर्जनचा आहे, दुसरा माझा.